न्हाणीघरात हात घालण्याआधी : वाचकांची पत्रं

प्रश्न : आम्ही नुकतंच एक जुनं घर घेतलं. बाथरूममध्ये खाली व्हिनाइलची शीट, टबाभोवती प्लायवूडचा खोका आणि वर खोटं छत आहे. परवा दाराजवळ शीटचा कोपरा उचकटला, तर खाली काळ्या, तांबड्या आणि सायीच्या रंगाच्या नक्षीची फरशी दिसली. तेव्हापासून आम्हा दोघांच्या डोक्यात दुसरा विषय नाही. ठेकेदार म्हणतो, सगळं फोडू आणि जुन्यासारखं नवीन करून देऊ. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : ठेकेदाराला थोडं थांबायला सांगा आणि तो उचकटलेला कोपरा आहे तसाच राहू द्या. अशी फरशी दिसली की माझेही हात शिवशिवतात. पण जुन्या व्हिनाइल शीटच्या पाठीमागच्या थरात आणि तिच्याखालच्या काळ्या चिकट डिंकात ॲस्बेस्टॉस असू शकतं. ते अखंड आहे तोवर तसंच पडून राहतं. खरवडलं, घासायचं मशीन लावलं, कोरडा झाडू फिरवला, की त्याचे तंतू हवेत मिसळतात आणि श्वासावाटे फुप्फुसात जाऊन बसतात. तपासणीसाठी तुकडा काढायचं कामही जाणकाराकडूनच करून घ्या. दारं-खिडक्यांवरच्या जुन्या रंगाचंही तेच. त्यात शिसं असण्याची शक्यता बरीच असते (अमेरिकेत घरगुती रंगातलं शिसं बंद व्हायला १९७८ साल उजाडलं), म्हणून निकाल हातात येईपर्यंत पॉलिशपेपर उचलू नका. घरात लहान मूल असेल तर हे दुप्पट लक्षात ठेवा.

हे दिवस वाया जाणारे नाहीत. एक वही आणि एक चांगला टॉर्च घ्या. प्रत्येक बाथरूम आपलं मूळ रूप कुठे ना कुठे जपून ठेवतं, आणि ते बहुतेक वेळा कुणाच्या तरी कंटाळ्यामुळे जपलं जातं. रंगाऱ्याने आरसा उतरवायचा कंटाळा केलेला असतो, म्हणून त्यामागे पहिला रंग शिल्लक असतो. दाराची वरची कड कुणी रंगवलेली नसते, म्हणून मूळ लाकूड तिथे कळतं. खोट्या छताच्या वर जुना कंगोरा असतो. टबाच्या खोक्यातली एक फळी सोडवून आत बघा. तिथे टबाचे पाय, मूळ टाइलची खालची ओळ आणि कधी कधी फुटलेला तुकडाही पडलेला मिळतो. तो टाकू नका, नंतर रंग जुळवायला त्याच्यासारखा नमुना नाही.

टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून तिरपा उजेड पाडा. एका घरात मी असं केलं, तेव्हा वरवर सपाट दिसणाऱ्या भिंतीवर चार गोल फुगवटे उठून दिसले. दोन छातीच्या उंचीवर, साठ सेंटीमीटर अंतरावर. दोन त्यांच्या बरेच खाली, एकमेकांच्या जवळ. रंगाचे थर हलक्या हाताने काढले तर आत लाकडी खुंट्या निघाल्या आणि प्रत्येकीत स्क्रूची भोकं. वरची जोडी मोठ्यांच्या टॉवेलची, खालची मुलांच्या. पुढे माळ्यावर एक पितळी गज सापडला. त्याच्या पायांतलं अंतर मोजलं आणि वरच्या खुंट्यांशी लावून पाहिलं, तर स्क्रू थेट जुन्या भोकांत बसले. तो क्षण आठवला की आजही अंगावर शहारा येतो.

त्याच बाथरूममध्ये बेसिन कसं होतं याची मात्र एकही खूण नव्हती. तिथे आम्ही साधं, पांढरं, आजच्या काळातलं बेसिन बसवलं. मालकांना कमळाच्या पाकळ्यांसारखं, नक्षीदार पायाचं हवं होतं. मी नको म्हटलं आणि त्यांनी ऐकलं. १९६४ साली व्हेनिसमध्ये वास्तुजतनाची एक सनद मान्य झाली. तिचं म्हणणं असं की जिथून अंदाज सुरू होतो तिथे पुनरुद्धाराने थांबायला हवं, आणि गेलेल्या भागाच्या जागी जे नवं येईल ते एकूण रूपाशी जुळावं, पण नवं आहे हे ओळखूही यावं. ती सनद स्मारकांसाठी लिहिलेली आहे, पण मला ती सहा बाय आठ फुटांच्या न्हाणीघरातही पुरते. तुमच्या ठेकेदाराच्या 'जुन्यासारखं'ला माझा विरोध याच कारणाने आहे. खरी फरशी फोडून तिच्या आठवणीने केलेली दुसरी फरशी घालायची, यात तुमच्या घराचं काहीच उरत नाही.

खुणा सापडतील तशा फोटो काढा, उंची-अंतर वहीत लिहा आणि सोडवलेल्या प्रत्येक वस्तूला चिठ्ठी बांधा. सहा महिन्यांनी कुठला स्क्रू कुठला होता हे कुणालाही आठवत नाही.

प्रश्न : आमच्या नक्षीच्या फरशीवर पांढरट थर होता म्हणून टॉयलेट साफ करायचं ॲसिड टाकलं. भरपूर फेस आला. थर गेला, पण आता फरशी खरखरीत लागते आणि लाल रंग गुलाबी दिसतो. शिवाय एक फरशी फुटली आहे, एकीला तडा आहे. काही करता येईल का?

उत्तर : फेस आला, फरशी खरखरीत झाली आणि रंग विटला, त्यावरूनच तुमची फरशी कोणती ते कळलं. नक्षीच्या जुन्या फरश्या दोन जातीच्या असतात आणि वरून बघून भल्याभल्यांना फरक कळत नाही. एक भट्टीत भाजलेली, मातीची, जिच्यात वेगवेगळ्या रंगांच्या माती साच्यात भरून नक्षी उठवलेली असते. इंग्लंडमध्ये सॅम्युअल राइट यांनी १८३० साली या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि हर्बर्ट मिंटन यांनी पुढे ती घरोघर पोचवली. दुसरी सिमेंटची. ही भाजतच नाहीत. साच्यात रंगीत सिमेंट ओतायचं, वर कोरडं मिश्रण भरायचं, दाबयंत्राखाली दाबायचं आणि पाण्यात मुरू द्यायचं. भाजलेल्या मातीला ॲसिडने फेस येत नाही, सिमेंटला येतो, कारण ॲसिड त्यातला चुना खात असतं. फुटलेल्या फरशीची कड बघा. वर तीन-चार मिलिमीटर रंगीत थर आणि खाली करडा भाग दिसला की शंका मिटली.

हीच चूक मी केलेली आहे, कामाला लागून दोनेक वर्षं झाली असतील तेव्हा. सिमेंटचे शिंतोडे काढायला पातळ केलेलं ॲसिड वापरलं, आणि पुसून उठले तर एका कोपऱ्यातल्या नऊ फरश्यांवरचा लाल रंग विटलेला. मालकीणबाई काही बोलल्या नाहीत, हे जास्त लागलं. त्या नऊ फरश्या दुरुस्त करताना जे शिकले ते तुम्हाला सांगते.

आधी साध्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवा, सांध्यांत ॲसिड उरता कामा नये. पूर्ण वाळू द्या. मग दाराआडची एक फरशी निवडा आणि फक्त तिच्यावर, पाणी ठेवून, बारीक दाण्याचा हिऱ्याचा पॅड हाताने गोल फिरवा. ॲसिडने खाल्लेला वरचा थर पापुद्र्याएवढाच असतो. तो गेला की खालचा लाल रंग पुन्हा वर येतो. पण तुमच्याकडे रंग जेमतेम तीन-चार मिलिमीटर आहे, आणि इतक्या वर्षांच्या पायांनी त्यातला काही आधीच नेलेला आहे. म्हणून मोठं मशीन नको. खरखर गेली की थांबा, आरशासारखी चकाकी मागू नका. शेवटी आत मुरणारं सीलर लावा. वर काचेसारखा थर धरणारं लावलंत तर खालची ओल अडकेल आणि काही महिन्यांत पांढरे डाग उठतील. यापुढे ॲसिड, व्हिनेगर, क्षार काढायची औषधं, सगळं बंद. सौम्य साबण आणि पाणी पुरतं.

तडा गेलेली फरशी ठोकून बघा. पोकळ आवाज नसेल, हलत नसेल, तर तिला हात लावू नका. फुटलेली बदलायची असेल तर बेसिनच्या कपाटाखालची किंवा दारामागची काढून पुढे आणा आणि नवी तिकडे, डोळ्याआड घाला. काढताना छिन्नी सांध्यात घालू नका, शेजारच्या फरशीची कड उडते. फुटलेल्या फरशीच्या मध्यावर भोक पाडून आतून बाहेर तोडत या. आणि नवी घेण्याआधी पट्टीने मोजा. जुना माल इंचात बनायचा. आठ इंच म्हणजे २०३.२ मिलिमीटर, आणि आज मिळते ती २०० ची. एका फरशीला ३.२ मिलिमीटरचा फरक सांध्यात भसकन दिसतो, आणि अख्खी ओळ घातली तर दहा फरश्यांत ३२ मिलिमीटर कमी पडतात. जाडीही वेगळी असते, त्याप्रमाणे खालचा माल कमी-जास्त करावा लागतो. गवंड्याला हे आधी सांगा. फरशी घरात आल्यावर सांगून उपयोग नाही.

प्रश्न : बिडाचा टब आहे. आतून खरखरीत झालाय, नळाखाली हिरवट आणि तपकिरी ओघळ आहेत, काठावर एक टवका उडालाय. एक जण घरी येऊन दोन दिवसांत नवं इनॅमल चढवून देतो म्हणतो. द्यावं का?

उत्तर : इनॅमल म्हणजे काच. काचेची भुकटी बिडावर टाकून साधारण ८०० अंश सेल्सिअसला वितळवतात तेव्हा ती धातूला धरते. हे तुमच्या बाथरूममध्ये होणं शक्य नाही. घरी येऊन जे चढवतात तो रंग असतो, इपॉक्सीचा किंवा तत्सम. तो वाईटच असं मी म्हणत नाही. चांगल्या हाताने केला तर काही वर्षं छान दिसतो. पण तो काचेइतका कठीण नसतो, आणि एकदा कडेने सुटायला लागला की सगळा काढूनच पुन्हा करावा लागतो.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. जुना थर काढायला मिथिलीन क्लोराइड असलेलं औषध कुणालाही वापरू देऊ नका. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, ती टबातच साठते आणि माणूस तर टबात वाकूनच काम करतो. अमेरिकेत २००० ते २०११ या काळात टब दुरुस्त करणारे किमान १३ जण यामुळे दगावल्याची नोंद तिथल्या सरकारी आरोग्ययंत्रणेने केलेली आहे. काम करणाऱ्याला डब्यावरचं नाव वाचून दाखवायला सांगा, यात संकोच कसला?

त्याआधी टब खरंच खराब झालाय का ते पाहा. खरखरीत भागावर लाकडी पट्टीची कड ओढा. पांढरी भुकटी निघाली तर तो पाण्यातला क्षार आहे, खालची काच शाबूत असू शकते. हिरवा डाग तांब्याचा, म्हणजे गळणाऱ्या पितळी नळाचा. तपकिरी लोखंडाचा. सोड्याचा ओला लेप, मऊ कापड आणि चिकाटी एवढ्यावर मी काळवंडलेले टब उजळलेले पाहिलेत. जुन्या इनॅमलला ॲसिड सोसत नाही, त्यामुळे ते इथेही नको. टवका उडालाय तिथला गंज घासून, पूर्ण वाळवून, इपॉक्सीने भरा. नाहीतर पाणी काचेखाली सरकतं आणि टवका दर वर्षी मोठा होत जातो.

टब वरच्या मजल्यावर, लाकडी जमिनीवर असेल तर खालून तुळया बघून घ्या. असा टब सहज दीडशे किलोचा, वर दोनशे लिटर पाणी, वर माणूस. चारशे किलोंच्या वर भार फक्त चार पायांवर येतो.

प्रश्न : आजोबांच्या वेळचे पितळी नळ थेंब थेंब गळतात. त्यांच्यावरचा मुलामाही मुठीपाशी गेला आहे. प्लंबरचे म्हणणे, सुटे भाग मिळत नाहीत, बदलून टाका. माझे वय ७४ आहे, हे नळ मी जन्मापासून पाहतो आहे. आपला सल्ला हवा.

उत्तर : काका, ते नळ कृपा करून काढू नका. माझे वडील नळाचीच कामं करायचे, आणि शाळेला सुट्टी असली की मी त्यांच्या पिशवीबरोबर असायची. त्यांची पद्धत सांगते.

आधी मुख्य नळ बंद. पान्याच्या जबड्याला चामड्याची पट्टी गुंडाळायची, म्हणजे पितळेवर ओरखडे येत नाहीत. टोपी फिरवून काढली की आतला दांडा आट्यांवरून वर येतो आणि त्याच्या टोकाला वायसर असतो. वायसर कडक झाला असेल, मधोमध गोल खाच पडली असेल तर तो बदलायचा, हे सगळेच करतात. वडील त्यानंतर करंगळी आत घालायचे. वायसर जिथे टेकतो ती पितळी कड, सीट, बोटाने गोल चाचपायचे. "इथे बघ," म्हणायचे आणि माझी करंगळी तिथे न्यायचे. केसाएवढी चीर लागायची. वर्षानुवर्षं गळणाऱ्या पाण्यानेच ती कोरलेली असते. ती असेपर्यंत दहा वायसर बदलले तरी नळ गळणार. हाताने फिरवायचं सीट घासायचं अवजार मिळतं. हलक्या हाताचे चार-पाच फेरे, पुन्हा करंगळी, पुन्हा दोन फेरे. सीट गुळगुळीत झाली की नवा वायसर बसवायचा. पाणी मुठीखालून झिरपत असेल तर दोष वायसरचा नाही, दांड्याभोवतीच्या भरणीचा आहे. जुना दोरा उकरून ग्रीस लावलेला नवा भरायचा. यात कुठलाही न मिळणारा भाग नाही. सांधा उघडला तर एक सांभाळा : ब्रिटिश आणि अमेरिकी अर्ध्या इंची नळांना इंचाला १४ च आटे असतात, पण आट्यांचा कोन एकाचा ५५ अंश आणि दुसऱ्याचा ६०. एक दुसऱ्यात सुरुवातीला छान फिरतो, मग अडतो. जोर लावला की पितळ चिरतं.

मुलाम्याचं म्हणाल, तर उजेडात बघा. चमक किंचित पिवळसर, उबदार असेल तर तो निकेल आहे. निळसर, थंड असेल तर क्रोम, आणि क्रोमचा प्रसार १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धापासूनचा. निकेल मऊ असतं, पितळ उजळायच्या पॉलिशने घासलंत तर उरलेलंही निघून जाईल. मुठीपाशी पिवळं पडलंय ते तुमच्या घरच्यांच्या बोटांनी. पुन्हा मुलामा देता येतो, पण मी देणार नाही.

दोन वेळा मात्र मीही बदला म्हणेन. पितळेवर गुलाबी, भुसभुशीत डाग दिसले तर त्यातलं जस्त निघून गेलंय, तो भाग कधीही मोडेल. आणि भिंतीतून येणारा पाइप करडा, मऊ, लोहचुंबक न धरणारा, नखाने-चाकूने ओरखडल्यावर चांदीसारखा चमकणारा असेल तर तो शिशाचा आहे. तो कितीही मूळचा असला तरी घरात ठेवू नका. शिसं पाण्यात उतरतं, आणि सगळ्यात जास्त अपाय मुलांना करतं.

प्रश्न : बाथरूमच्या भिंतीचा खालचा भाग दर वर्षी सुटतो. तीनदा सिमेंटने गिलावा केला. दर वेळी सिमेंटची पट्टी तशीच राहते आणि तिच्या वरचा जुना भाग पडतो.

उत्तर : तुम्ही फार नेमकं पाहिलंत. जुनी भिंत चुन्याची आहे, ती ओल घेते आणि हवेत सोडते. सिमेंटच्या पट्टीतून ओल बाहेर पडू शकत नाही, म्हणून ती वर चढते आणि पट्टी संपते तिथून बाहेर येते. येताना क्षार आणते, ते गिलाव्यात फुलतात आणि तो सुटतो. चौथ्यांदा सिमेंट केलंत तर पडझड आणखी वीतभर वर जाईल. आधी पाणी कुठून येतं ते शोधा, मग सिमेंट काढा, भिंतीला काही महिने सुकू द्या आणि चुन्याचा गिलावा करा, सेंटीमीटरहून पातळ थरांत. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू दगड बनतो, त्याला घाई चालत नाही. वर प्लास्टिकचा रंग नको, चुन्याचाच द्या. थेट पाण्याचे फवारे बसतात तेवढ्या भागाला मात्र टाइल आणि नीट जलरोधक थर हवाच.

आणि छताजवळ बघा. बहुतेक जुन्या न्हाणीघरांत तिथे जाळीचा झरोका असतो, आणि कुणीतरी थंडी येते म्हणून तो बुजवलेला असतो. मूळ वैशिष्ट्यं परत आणायची म्हणून लोक नळ शोधतात, टाइल शोधतात. माझ्या मते सगळ्यात आधी तो झरोका उघडावा. तुमच्या भिंतीची निम्मी तक्रार तिथेच आहे अशी मला दाट शंका आहे.

प्रश्न : आजीच्या बाथरूममधल्या आरशाच्या कडा काळ्या पडल्यात. पाठीमागचा मुलामा नव्याने करून घेऊ का?

उत्तर : नको. नव्या मुलाम्यासाठी जुना पूर्ण खरवडावा लागतो, आणि फार जुना आरसा असेल तर त्यामागे पारा आणि कथलाचा थर असू शकतो, त्याला घरी तर हातही लावू नका. काळेपणा वाढू नये एवढं बघू. आरसा भिंतीला चिकटलेला असेल तर चारही कोपऱ्यांत बुचाच्या चकत्या घालून थोडा पुढे घ्या, म्हणजे मागून हवा खेळेल. आणि पुसताना पाणी आरशावर फवारू नका, कापडावर घ्या. फवारलेलं पाणी ओघळून खालच्या कडेला थांबतं आणि तिथूनच आत शिरतं.